लेकरांचा ईस्टर घरच्या घरी



आपल्या वऱ्हाडात सणांना तोटा नाही. पोळा येतो, भुलाबाई येते, दिवाळी येते, होळी येते. मोहल्ल्यात ईद असते. तसाच ईस्टर हाही एक सण आहे. अमरावती, अकोला, अचलपूर, चिखलदरा या बाजूला ख्रिस्ती कुटुंबे राहतात. कोणी शहरात, कोणी खेड्यात. अकोला हे अलायन्स मिशनचे जुने ठिकाण. अमरावतीस कॅथलिक पंथाचा धर्मप्रांत १९५५ साली झाला. म्हणजे हा सण आपल्याकडे कालपरवा आलेला नाही.

नाताळ सगळ्यांना ठाऊक असतो. ईस्टर तितका ठाऊक नसतो. नाताळात घरावर चांदणी लागते, गाणी होतात, लेकरांची मजा असते. ईस्टरला मोठी माणसे पहाटे उठून चर्चला जातात. लेकरे डोळे चोळत मागे मागे जातात. घरी येऊन जेवण झाले की झाला सण! मग लेकरू विचारते, "माय, आज काय हाये?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे. नुसते तोंडाने नाही, हाताने काही करून. ते घरच्या घरी, थोड्या खर्चात कसे करावे, हे आज आपण पाहू.

ज्यांच्या घरी हा सण नाही त्यांनीही हा पाठ वाचावा. शेजाऱ्याचा सण समजेल. शिवाय यातल्या युक्त्या आपल्या सणालाही चालतील.

सण कशाचा, आणि केव्हा येतो?

येशू ख्रिस्ताला शुक्रवारी क्रुसावर खिळून मारले. खडकात कोरलेल्या कबरीत त्याला ठेवले. कबरीच्या तोंडावर मोठी धोंड लावली. रविवारी भल्या पहाटे काही बाया कबरीकडे गेल्या. पाहतात तो धोंड सरकलेली आणि कबर रिकामी! येशू मरणातून उठला, असा ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे. तो शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. तो रविवार म्हणजे ईस्टर. मराठीत त्याला पुनरुत्थानाचा दिवस म्हणतात. पुनरुत्थान म्हणजे पुन्हा उठणे.

नाताळ दरसाल २५ डिसेंबरला असतो. ईस्टरची तारीख मात्र बदलते. आपल्या बऱ्याच सणांसारखा तो चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पुनव येते, तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्येच येतो. आपल्या हिशेबाने तो कधी होळीच्या पुनवेनंतर येतो, कधी हनुमान जयंतीच्या पुनवेनंतर. २०२४ साली होळी झाल्यावर ३१ मार्चला ईस्टर आला. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलची, तर ईस्टर ५ एप्रिलचा. २०२७ सालचा ईस्टर २८ मार्चचा आहे. चर्चची पुनव ठरलेल्या कोष्टकावरून काढतात, म्हणून एखादे वर्षी हिशेब थोडा मागेपुढे होतो. चर्चमध्ये विचारून घ्यावे म्हणजे घोळ होत नाही.

आता अंड्याचे काय? ईस्टरला लोक अंडी का रंगवतात? त्याचेही कारण आहे. ईस्टरच्या आधी ४० दिवसांचा उपवासकाळ असतो. त्यात रविवार मोजत नाहीत. जुन्या काळी पुष्कळ देशांत या दिवसांत अंडी खाणे वर्ज्य होते. पण कोंबडीला उपवास ठाऊक नाही! ती अंडी देतच राही. अंडी साठत. मग ईस्टरच्या दिवशी ती उकडून, रंगवून सगळे मिळून खात. दुसरे असे, की बंद कवचातून जिवंत पिल्लू बाहेर येते. लोकांना त्यात बंद कबरीची खूण दिसली. आजही ग्रीस देशात लाल अंडी करतात आणि एकमेकांच्या अंड्यावर टकटक आपटतात. ज्याचे फुटले नाही तो जिंकला. युक्रेन देशात मेणाने नक्षी काढून अंडी रंगवतात. जर्मनीत लेकरांना सांगतात, की ससा येऊन अंडी लपवून गेला. देश तशी रीत.

बाजारातला सण आणि घरातला सण

आता शहरातल्या मोठ्या दुकानांत चॉकलेटची अंडी विकायला येतात. लेकरू ती मोबाइलवर पाहते आणि हट्ट धरते. मग घरात बोलणे होते ते असे:

"अवं, पोट्टं चॉकलेटचं अंडं मांगते. आता पैसे कोठून आनू?"

"आनू नका. घरी कोंबडी हाये. गहू हाये. मले आता लिव्हता येते. आपन घरीच करू."

"घरी कराले आपल्याले येते का?"

"येते. तुमी फक्त त्या दिवशी घरी राहा."

या बाईचे बोलणे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिने नवऱ्याजवळ पैसे मागितले नाहीत. दिवस मागितला.

गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्याचे. १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. सणासाठी कर्ज काढू नका आणि लेकराला शाळेत घाला, हे ते जन्मभर कीर्तनातून सांगत फिरले. तो उपदेश एका धर्माचा नाही. कर्जाला धर्म नसतो. सण एका दिवसात संपतो. व्याज वर्षभर चालते. शिवाय ईस्टरला आपल्याकडे ऊन केवढे असते! अकोल्याचा पारा एप्रिलात ४० च्या वर सहज जातो. विकत आणलेले चॉकलेट घरी येईपर्यंत वितळून जायचे.

घरच्या ईस्टरला काय लागते ते मोजा. दहा-बारा अंडी. मूठभर गहू. कांद्याची साल. वहीचा एक कागद आणि पेन्सिल. थोडे गूळ-फुटाणे. आणि सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे आई-बापाचा वेळ.

पहिले काम: गहू पेरणे

ईस्टरच्या आधीच्या रविवाराला झावळ्यांचा रविवार म्हणतात. त्याच्या आधीच्या शुक्रवारी रात्री मूठभर गहू भिजत घाला. शनिवारी लेकराच्या हाताने पेरा. एखादे फुटके मडके किंवा पसरट परळ घ्या. त्यात काळी माती आणि थोडे चाळलेले शेणखत मिसळा. वर गहू पसरा. त्यावर बोटाच्या पेराएवढी माती टाका. नवरात्रात घट बसवतात, तसेच हे काम आहे. मडके सावलीत ठेवा. आपल्याकडच्या उन्हात माती लवकर सुकते. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. पण चिखल करू नका. जास्त पाण्याने दाणा कुजतो.

पाणी घालण्याचे काम लेकरालाच द्या. तीन-चार दिवसांत कोंब दिसतो. कोंब दिसला की काडीने मापा. रोज भिंतीवर कोळशाने एक रेघ काढा. रेघेजवळ वार लिहा. लेकराला मोजणी येते, आणि आपलाही लिहिण्याचा सराव होतो.

पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही. लेकरू कंटाळते. म्हणते, "माय, गहू मेला वाटते!" त्याला माती उकरू देऊ नका. म्हणा, "थांब. पाह्य काय होते ते." या थांबण्यातच ईस्टरची गोष्ट आहे. गव्हाचा दाणा मातीत जातो तेव्हाच पुष्कळ पीक देतो, असा दाखला येशूने स्वतः दिला होता. शेतकऱ्याच्या घरात हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. लेकरू तो मडक्यातच पाहते.

दुसरे काम: गोष्ट सांगणे

सगळी गोष्ट एकाच रात्री सांगू नका. तीन रात्री सांगा. गुरुवारी रात्री सांगा, की येशूने आपल्या सोबत्यांचे पाय धुतले आणि त्यांच्यासंगे जेवला. शुक्रवारी सांगा, की त्याला मारले. ही गोष्ट दुःखाची आहे. ती लपवू नका, पण लहान लेकरापुढे रक्ताचे आणि खिळ्यांचे वर्णनही लांबवू नका. "लोकांनी त्याला मारलं, आणि त्याची माय जवळ उभी होती," एवढे पुरे. रविवारी पहाटे उरलेली गोष्ट सांगा. बाया कशा गेल्या, धोंड कशी सरकलेली होती, ते सांगा.

लेकरे प्रश्न विचारतात. "धोंड कोनं सरकवली?" "बायाइले भेव नाही वाटलं का?" उत्तर येत असेल तर द्या. येत नसेल तर "आपण चर्चमध्ये विचारू" म्हणा. मग खरेच विचारा.

एक प्रश्न अवघड असतो. घरात वर्षाच्या आत कोणी वारले असेल, तर लेकरू विचारते, "मंग आजी बी उठन का?" अशा वेळी त्याला "गप बस" म्हणू नका. त्याने ते मनात किती दिवस ठेवले होते, ते आपल्याला ठाऊक नसते. "आजी उद्या येईन" असेही म्हणू नका. लेकरू खरे धरते आणि दाराकडे वाट पाहत बसते. त्याला खरे सांगा. "आजी आता घरी येनार नाही. तिची आठवन मलेही येते. देवाजवळ ती सुखी हाये, असं आपन मानतो." मग आजीची एखादी गोष्ट काढा. ती कशी हसायची, काय रांधायची, ते बोला. लेकरू रडले तर रडू द्या. आपणही रडलो तर बिघडत नाही. सणाच्या दिवशी रडू नये, असा काही नियम नाही. ईस्टरची गोष्ट तर रडण्यापासूनच सुरू होते.

गोष्टीनंतर भजन म्हणावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनी मराठी चालींवर पुष्कळ ख्रिस्ती भजने लिहिली. मराठी चर्चमध्ये ती आजही म्हणतात. घरात टाळ असतील तर लेकराच्या हाती द्या. ताल चुकला तरी चालेल.

तिसरे काम: अंडी रंगवणे

हे काम शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी करावे. बाजारचा कापडाचा रंग अंड्याला लावू नका. तो पोटात जाऊ शकतो. घरातच रंग आहे.

आधी अंडे पाण्यात सोडून पाहा. ताजे अंडे तळाशी बसते. जुने, खराब झालेले अंडे वर तरंगते. ते टाकून द्या.

चार-पाच मुठी कांद्याची वाळकी साल पाण्यात घाला. त्यात अंडी ठेवून दहा-बारा मिनिटे उकळा. अंड्याला विटेसारखा तांबूस रंग चढतो. हळदीच्या पाण्यात उकळली तर पिवळी होतात. पांढऱ्या अंड्यावर रंग जास्त खुलतो. गावरान अंड्यावर कांद्याचा रंग चांगला बसतो.

नक्षी पाहिजे? कोथिंबिरीचे किंवा मेथीचे एक पान घ्या. ते ओले करून अंड्यावर चिकटवा. वरून जुन्या पातळ कापडाचा तुकडा घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधा. मग कांद्याच्या सालीत उकळा. निवल्यावर कापड सोडा. जिथे पान होते तिथे पानाचा फिकट ठसा राहतो. कापड सोडण्याचे काम लेकराला द्या. त्याचे तोंड पाहण्यासारखे होते.

आता दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवा. पहिली, चुलीजवळचे काम मोठ्याने करावे. उकळते पाणी आणि लेकरू यांत अंतर पाहिजे. दुसरी, उन्हाळ्यात उकडलेले अंडे तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. ते खराब होते, आणि वरून कळत नाही. शनिवारी संध्याकाळी उकडली तर त्याच जेवणात खाऊन टाका. सकाळी खायची असतील तर सकाळीच उकडा. लपवण्याच्या खेळाला ही अंडी घेऊ नका.

खेळासाठी रिकामी टरफले घ्यावी. आठ दिवस आधीपासून घरात अंड्याची पोळी कराल, तेव्हा अंडे मधोमध फोडू नका. वरच्या टोकाला रुपयाएवढे भोक पाडून आतले काढा. टरफल धुवा, पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा आणि उन्हात वाळवा. मग त्यात फुटाणे, गुळाचा खडा, मुरमुरे किंवा बत्तासा भरा. होळीच्या गाठीतला तुकडा उरला असेल तर तोही चालेल. भोकावर कागदाचा तुकडा कणकेच्या खळीने चिकटवा. वर लेकराचे नाव लिहा. पाच वर्षांच्या आतल्या लेकराच्या टरफलात फुटाणे-शेंगदाणे भरू नका. ते घशात अडकतात. त्याला मुरमुरे भरा.

चौथे काम: चिठ्ठी लिहिणे

आता या पाठातले मुख्य काम. टरफले लपवायची आणि चिठ्ठ्यांनी शोधायला लावायची. चिठ्ठ्या कोणी लिहायच्या? आपणच. ज्या आई-बापाने नुकतीच अक्षरे शिकली आहेत, त्यांनी.

चिठ्ठी लांब नको. एक ओळ पुरे. अशी:

पहिली चिठ्ठी लेकराच्या उशाशी ठेवा: "जिथे पाणी गार, तिथे बघ."
लेकरू धावत माठाकडे जाते. तिथे एक टरफल आणि दुसरी चिठ्ठी.

दुसरी चिठ्ठी: "मी गरगर फिरते, पीठ करते."
लेकरू जात्याकडे जाते. जाते नसेल तर आपल्या घरातली दुसरी वस्तू लिहा.

तिसरी चिठ्ठी: "बकरी माझ्याजवळ झोपते."
लेकरू गोठ्यात जाते.

चौथी चिठ्ठी: "मी मातीत होतो. आता उठलो. मला बघ."
लेकरू थोडा वेळ विचार करते. मग गव्हाच्या मडक्याकडे धावते. हिरव्या कोंबांत शेवटचे टरफल असते. लेकराला मुद्दाम काही समजावून सांगायची गरज उरत नाही.

काही बाया म्हणतात, "आमाले लिव्हता येते, पन काना-मात्रा चुकते. पोट्टे हसतीन." हसू द्या. चुकलेली मात्रा लेकराने दाखवली तर म्हणा, "बरं बाबू, तू दुरुस्त कर." त्यात कमीपणा नाही. आपण वर्गात बसून अक्षरे शिकलो ती कशासाठी? अंगठ्याऐवजी सही करण्यासाठी, एसटीची पाटी वाचण्यासाठी, सावकाराचा कागद वाचण्यासाठी. ही कामे मोठीच आहेत. पण आईच्या हातची चिठ्ठी लेकराने वाचावी, हेही अक्षरांचे काम आहे. चॉकलेटचे अंडे त्याच दिवशी संपते. चिठ्ठी लेकरू दप्तरात जपून ठेवते.

बाप कामासाठी पुण्याला किंवा सुरतेला गेला असेल, तर त्यानेही एक ओळ मोबाइलवर लिहून पाठवावी. आईने ती कागदावर उतरवावी. म्हणजे त्या दिवशी बापही घरात असतो.

अजून एक गंमत आहे. पांढऱ्या कागदाला हळदीचे पाणी लावून वाळवा. कपड्याचा साबण थोड्या पाण्यात विरघळवा. काडी त्यात बुडवून हळदीच्या कागदावर नाव लिहा. पिवळ्यावर तांबडे अक्षर उमटते! हळद आणि चुना मिळून कुंकू लाल होते ना? तीच ही करामत.

घरात दोन-तीन लेकरे असतील तर टरफले आधी मोजून सारखी वाटून ठेवा. मोठे लेकरू धावते, लहान मागे राहते आणि रडारड होते. म्हणून टरफलावर नाव लिहायचे. दुसऱ्याच्या नावाचे सापडले तर त्याला नेऊन द्यायचे. वाचता न येणाऱ्या लहानग्याला चिठ्ठीवर चित्र काढून द्या.

शेजारचे लेकरू

आपल्या अंगणात खेळ चालू झाला, की शेजारची लेकरे कुंपणाजवळ येऊन उभी राहतात. त्यांना आत बोलवा. त्यांच्यासाठी चार टरफले जास्त भरून ठेवा. कोणाच्या घरी अंडे चालत नसेल, तर त्याच्या आईला आधी विचारा. अशा लेकरासाठी कागदाची पुडी करा. वरुड-मोर्शीकडे घरात संत्री असतील तर संत्र्यावर कोळशाने डोळे-नाक काढून ते लपवा. लेकराला शोधण्याची मजा सारखीच येते. दिवाळीला तुमच्या लेकरांनी त्यांच्या घरी फराळ खाल्लेला असतो, हे विसरू नका.

अंडी महाग पडत असतील, तर एकच अंडे उकडा आणि चार भाग करा. गहू आणि चिठ्ठी यांना काहीच खर्च नाही. त्या दोन वस्तू असल्या तरी लेकराचा ईस्टर होतो.

करून पाहा

१. तुमच्या घरातल्या चार वस्तू निवडा. प्रत्येकीवर एक ओळ लिहा. वस्तूचे नाव लिहू नका.

२. ती ओळ घरातल्या लेकराला वाचायला द्या. त्याला वस्तू ओळखता आली का?

३. पुढच्या वर्षी ईस्टर कोणत्या तारखेला आहे? दिनदर्शिकेत शोधा आणि त्यावर खूण करा. त्याच्या नऊ दिवस आधीच्या शुक्रवारी "गहू भिजवणे" असे लिहा.

४. तुमच्या घरी ईस्टर नसेल, तर चिठ्ठ्यांचा हाच खेळ पोळ्याला किंवा दिवाळीला कसा खेळता येईल, ते ठरवा. आज रात्री घरात बोला.